एकवीस दिवसांची बाटली

ती बाटली मी माझ्या हातांनी धुतली. कुणी धुवायला सांगितली नव्हती. खिडकीपाशी उजेडात धरून पाहिली. तळाशी बसलेल्या रक्तावरचा द्रव नितळ होता, काचेच्या एका अंगाला थिजवलेला थर कोरा होता. मला आनंद झाला. त्या आनंदातच मी ती वाफेवर उकडली, ब्रशने घासली आणि पालथी घालून वाळत ठेवली. बाटलीवर बबिताचं नाव होतं. बबिता माझी सून.

परभणीच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र विभागात मी छत्तीस वर्षं नोकरी केली. कागदावर पद परिचराचं, काम धुण्याचं. पोरं काचेच्या बशांत, नळ्यांत जंतू वाढवायची आणि मी ते मारायचो. ऑटोक्लेव्ह म्हणून एक यंत्र असतं, म्हणजे माणूस बसेल एवढा कुकर. वीस मिनिटं वाफ दिली की आतलं काही जिवंत राहत नाही. मग घासायचं, वाळवायचं, नळ्यांना कापसाची बुचं लावायची. तो कापूस मी मानवतच्या जिनिंगवरून आणायचो, नुसती सरकी काढलेला. दवाखान्यातला पांढरा कापूस पाणी पितो, त्याची बुचं चालत नाहीत. एवढं मला चांगलं कळायचं.

अक्षरं मात्र मला चाळिशीत कळली. आमचं घर शेळ्या-मेंढ्यांचं. चोविसाव्या वर्षापर्यंत मी जनावरांमागंच फिरलो, शाळेची पायरी चढलो नाही. एकदा एका मुलीच्या प्रयोगाच्या बारा प्लेटा मी धुऊन टाकल्या. ती पायऱ्यांवर बसून रडली. विभागप्रमुख उद्धव सर मला ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी काचेवर लिहायची पेन्सिल माझ्या हातात दिली आणि उलट्या प्लेटवर दोन शब्द लिहून दाखवले, 'ठेवा' आणि 'धुवा'. दीड वर्ष ते रोज चार वाजता मला घेऊन बसायचे. माझी पहिली वही म्हणजे त्या प्लेटा. लिहायचं आणि धुवायचं.

वाचता यायला लागलं तसं कानावर पडणारंही समजायला लागलं. वर्गात ट्रे मांडताना मी तास ऐकायचो. हॉलंडमधला तो कापडाचा व्यापारी, ज्याने सूत तपासायच्या भिंगातून तळ्याचं पाणी पाहिलं आणि त्यात वळवळणारे जीव दिसले. त्यानंतर दोनशे वर्षांनी जर्मनीतला डॉक्टर, जो उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर जंतू वाढवायचा. मग जिलेटिन वापरलं तर ते उन्हाळ्यात पातळ व्हायचं, तेव्हा त्याच्या मदतनिसाच्या बायकोने सांगितलं, मी मुरंबा थिजवायला अगार घालते, ते घालून बघा. उद्धव सर म्हणायचे, "शास्त्र उभं राहिलं ते बाईच्या सैपाकघरातून. बशीला नाव मात्र पेट्रीसाहेबाचं." पोरी हसायच्या.

आणि माल्टा बेटाची गोष्ट. तिथं इंग्रजांच्या शिपायांना ताप यायचा. यायचा, जायचा, परत यायचा. सांधे दुखायचे, पहाटे घामाने अंथरूण भिजायचं, महिनोन्‌महिने. जंतू सापडला, पण तो येतो कुठून ते जवळजवळ वीस वर्षं कळलं नाही. शेवटी एका डॉक्टरने शेळ्यांचं रक्त तपासलं. धडधाकट, दूध देणाऱ्या शेळ्या. शिपायांचं कच्चं दूध बंद केलं आणि ताप थांबला.

ही गोष्ट मी छत्तीस वेळा ऐकली आणि दर संध्याकाळी बोरीच्या बसने घरी जाऊन शेळीचं दूध प्यालो. माल्टाच्या शेळ्या नकाशातल्या होत्या. आमच्या शेळ्यांना नावं होती.

साठाव्या वर्षी निवृत्त झालो. जागा भरली नाही, म्हणून कॉलेजने मलाच रोजंदारीवर परत बोलावलं. गेल्या कार्तिकात मी त्रेसष्टचा होतो.

बबिताला तेव्हा पाचवा महिना लागला होता. आधीची दोन पोटातच गेली होती, एक तिसऱ्यात, एक चौथ्यात. पाचवा लागला तेव्हा माझी बायको कासाबाई हिने देवीला नारळ फोडला आणि शेजारच्या शीलाला म्हणाली, "आता ह्ये लेकरू न्हाई जायाचं. ह्ये हट्टी दिसायलंय." बबिता लाजली. मुलगा भागवत गोठ्यात उभा राहून उगाच दावी सोडबांध करत होता.

पण दसऱ्यापासून बबिताला ताप होता. दिवस कलला की चढायचा, पहाटे घाम येऊन उतरायचा. कंबर धरायची. मलेरिया नाही, टायफॉइड नाही, डेंग्यू नाही. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, दूध द्या. ते तर चालूच होतं. आमच्याकडे पोटुशीला शेळीचं धारोष्ण दूध द्यायची रीत आहे. पेला आचळाखाली धरायचा आणि फेस मोडायच्या आत प्यायचं. कासाबाई म्हणायची, "तापवलं की दुधात काय ऱ्हातंय?"

एक दिवस मी ही सगळी हकीकत मधुवंती मॅडमना सांगितली. उद्धव सरांनंतर विभाग त्या बघत होत्या. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"दत्तराव, घरी शेळ्या किती?"

"अकरा."

"यंदा कुठली गाभडली का?"

"चार. भादव्यात. एकामागं एक."

"ती मेलेली पिल्लं, वार, ते सगळं कुणी काढलं?"

"सुनेनंच. कासाबाईला गुडघ्यांमुळं लई येळ बसता येत न्हाई."

"आणि दूध कच्चंच पितात?"

मी मान हलवली. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. "माझ्या वर्गात किती वर्षं ट्रे मांडताय तुम्ही?" त्या म्हणाल्या. मी आधी हसलो. मग हसू तोंडातच राहिलं.

"नक्की काही नाही," त्या म्हणाल्या. "रक्तातलं पाणी वेगळं काढून एक चाचणी करतात. तिचं गुलाबी द्रावण संपलंय, परभणीत कुणाकडे नाही, मी बाहेरून मागवते. तोवर रक्त घेऊन बाटलीत वाढवून बघू. काही आलंच तर ती बंद बाटली मोठ्या प्रयोगशाळेत पाठवू. आजपासून दूध उकळून. आणि उद्या तिला घेऊन या."

घरी सांगितलं तर कासाबाई उसळली. "तुमच्या कॉलेजात कदी शेळी बांधली व्हती का? माझ्या हातानं शंभर शेळ्या याल्या. मला कदी ताप आला न्हाई."

बबिता हळूच म्हणाली, "आत्याबाई, मामा सांगायलेत तर काही दिवस ऐकू की."

दुसऱ्या दिवशी कॉलेजसमोरच्या लॅबमध्ये बबिताचं रक्त काढलं. मॅडमनी ते हातमोजे घालून बाटलीत सोडलं. बाटली त्यांनी स्वतः तयार केली होती, एका अंगाला अगारचा थर थिजवलेला, तळाशी पातळ खाद्य. बाटली तिरकी केली की रक्ताचं पाणी थरावरून फिरायचं. वर कागद चिकटवून नाव आणि तारीख घातली आणि इनक्युबेटरच्या उबदार कपाटात ठेवली. त्याच संध्याकाळी त्यांना बाहेरच्या परीक्षक म्हणून नांदेडला जायचं होतं.

"रोज एकदा तिरकी करा आणि बघत राहा," त्या म्हणाल्या. "उघडायची मात्र नाही. काही दिसलं तर लगेच फोन करा."

किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. त्यांना वाटलं असणार, याला ठाऊक आहे. मलाही तेच वाटत होतं. कॉलेजात धोक्याचे जंतू वाढवत नाहीत. दह्यातले, मातीतले, पोरांच्या तळहातावरचे, हे सगळे एका रात्रीत वर येतात, फार तर तीन दिवसांत. चार दिवसांत काही आलं नाही तर ती प्लेट कोरी. हा मी पाहिलेला नियम. हळू वाढणारा जंतू मी उभ्या आयुष्यात पाहिलाच नव्हता.

पहिले तीन दिवस इनक्युबेटरचं दार उघडलं की मी आधी ती बाटलीच बघायचो. चौथ्या दिवशी काही नाही. पाचव्या, सहाव्या दिवशीही नाही. सातव्या दिवशी आमच्या कॉलेजची प्रॅक्टिकल परीक्षा सुरू होणार होती. परीक्षेच्या आधी इनक्युबेटर रिकामं करून पुसायचं, ही पद्धत मीच पाडलेली. एकेक प्लेट काढली. शेवटी बाटली राहिली. मी ती खिडकीत धरली.

पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

त्या संध्याकाळी स्टँडवर मी केळीची फणी घेतली. घरात शिरताच म्हणालो, "रक्त साफ हाय. सात दिवस बघितलं, एक जंतू न्हाई."

भागवत हसला. "आबा आता डागदरच झाले. पाटी लावा दाराला."

"मी काय म्हणत व्हते?" कासाबाई म्हणाली. "नुसती नजर हाय. उतरून टाकते." ती लगेच पेला घेऊन गोठ्यात गेली. बबिता उंबऱ्यावर बसली होती. तिने पदराने डोळे पुसले आणि केळ सोलून आधी मला दिलं. मी कच्च्या दुधाला नको म्हणालो नाही. रक्त साफ होतं ना.

मॅडम चौदाव्या दिवशी परत आल्या. नांदेडहून त्यांना हिंगोलीला पाठवलं होतं. आल्या आल्या त्यांनी इनक्युबेटर उघडलं.

"बाटली कुठे, दत्तराव?"

"धुतली," मी म्हणालो. अजूनही माझ्या आवाजात आनंदच होता. "काही आलं न्हाई, मॅडम. सात दिवस ठेवली."

त्यांनी दार हळू बंद केलं आणि स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "हा जंतू सावकाश येतो. एकवीस दिवस बाटली कोरी राहिली, तर कोरी म्हणायचं. त्याआधी काहीच म्हणता येत नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी सांगायला हवं होतं."

त्यांनी दोष अंगावर घेतला म्हणून तो माझ्या अंगावरचा उतरला नाही. मी त्यांना विचारलं, "आता?"

"आता उद्या परत रक्त. आणि ताप कसा आहे?"

"ताप न्हाई आला त्यानंतर," मी म्हणालो. मला तसंच वाटत होतं. घरी कुणी तापाचं नाव काढलं नव्हतं.

घरी गेलो तर बबिता अंगण झाडत होती. तोंड लाल होतं. मी विचारलं, "ताप हाय का, बाई?"

"न्हाई, मामा."

मी कासाबाईला म्हणालो, हात लावून बघ. तिने कपाळाला हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. मग सगळं बाहेर आलं. ताप एक दिवसही थांबला नव्हता. बबिता पहाटे उठून घामाचं लुगडं धुवायची आणि कुणी उठायच्या आत वाळत घालायची. तीन दिवसांपूर्वी शीलाला घेऊन गुपचूप बोरीच्या दवाखान्यात जाऊन तापाची इंजेक्शनंही घेतली होती.

दुसऱ्या बाटलीत रक्त सोडताना मॅडम म्हणाल्या, "इंजेक्शनं झालीत, त्यांनी जंतू दबला असणार. आता यात काही येईलच असं नाही." त्याच दिवशी त्यांनी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना चिठ्ठी दिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोटात बाळ आहे. नुसत्या संशयावर दोन महिन्यांची जड औषधं कशी देऊ? काहीतरी हातात द्या." गुलाबी द्रावण अजून आलं नव्हतं. हातात द्यायचं ते मी घासून पालथं घातलं होतं.

मी रोज ती दुसरी बाटली तिरकी करायचो. सकाळी, दुपारी, निघताना. थरावर काय दिसेल तेही मॅडमना विचारून ठेवलं होतं. दवाचे थेंब असतात तसे, बारीक, चमकणारे. मी त्या थेंबांची वाट बघत होतो. माझ्या सुनेच्या रक्तात रोग निघावा म्हणून मी वाट बघत होतो, म्हणजे कुणीतरी औषध देईल.

नवव्या दिवशी भागवतचा फोन आला. मुलगा होता. दवाखान्यातल्या मावशीने फडक्यात गुंडाळून भागवतच्या हातात दिला. आम्ही दोघांनी तो गावाबाहेर पुरला. भागवत खड्ड्यावर दगड ठेवत होता, एकावर एक, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. मी एक दगड द्यायला गेलो तर म्हणाला, "राहू द्या, आबा."

बाटली एकवीस दिवस कोरीच राहिली. मग गुलाबी द्रावण आलं. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर बबिताच्या रक्तातल्या पाण्याचा एक थेंब, शेजारी गुलाबी थेंब. मॅडमनी काडीने कालवलं आणि फरशी हलवत राहिल्या. चार मिनिटंही लागली नाहीत. दूध नासावं तशा गुठळ्या झाल्या. मग जनावरांच्या डॉक्टरांनी अकरा शेळ्यांचं रक्त आणून दिलं. सात थेंब नासले. कासाबाईचाही नासला. तिच्या अंगात तो कधीचा मुरलेला असणार.

बबिताला औषधं सुरू झाली. ती बाजेवर बसून असायची. एका दुपारी घरात कुणी नव्हतं तेव्हा मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि बाटलीचं सांगितलं. कशी पाहिली, कशी धुतली, एकवीस दिवसांचं मला कसं ठाऊक नव्हतं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "धुतली ती धुतली, मामा. पण तुमी साफ हाय म्हणलात, तवा मला वाटलं आपलाच ताप खोटा हाय. काम टाळायला आंगच खोटं बोलायलंय. म्हणून मी कुणाला सांगितलं न्हाई." ती आवाज चढवून बोलली असती तर बरं झालं असतं. "तुमच्या इतकं ह्या घरात शिकलेलं कोण हाय?"



शेळ्या विकायच्या नाहीत, असं मॅडमनी बजावलं होतं. आठ दिवसांनी मी कॉलेजातून आलो तर गोठा रिकामा. भागवत म्हणाला, "देवगाव फाट्याच्या बाजारात दिल्या. सरकारी माणूस येऊन मारा म्हणला आसता. मग?"

"कुणी घेतल्या?"

"इचारलं न्हाई."

खरं सांगायचं तर गोठा रिकामा बघून मला सुटल्यासारखं झालं. बबिता आतून ऐकत होती. ती दारात आली.

"ज्यांनी नेल्या त्यांच्या घरात कुणी पोटुशी आसंल तर?"

भागवत उठून बाहेर गेला. ती माझ्याकडे बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं जिंतूरवरून बस बदलून देवगाव फाट्यावर गेलो. तिच्यात चालायची ताकद नव्हती, तरी आली. चहाच्या टपरीवर महारुद्र नावाचा शेळ्यांचा व्यापारी भेटला. भागवतच्या शेळ्या त्यानेच घेतल्या होत्या.

"त्या व्हय? त्याच दिवशी गेल्या की," तो बशीत चहा ओतत म्हणाला.

"कोणत्या गावाला?" बबिताने विचारलं.

"आवं बाई, शेळी काय आधार कार्ड घिऊन फिरती व्हय? दोन मानवतकडं गेल्या, चार एका लग्नात कापल्या. बाकीच्या गाभण व्हत्या, दुधाच्या व्हत्या. त्या बायांनी नेल्या एकेक. घरच्या दुधाला."

"बाया कुटल्या?"

"इचारतंय कोण? का, चोरीच्या व्हत्या का काय?" तो हसला. टपरीवाला पण हसला.

आम्ही रस्त्यावर आलो. सेलूच्या अंगाला एक बाई दाव्याला शेळी धरून बसची वाट बघत होती. शेळी आमची नव्हती. बबिता तरी तिच्यापाशी गेली.

"मावशी, दूध उकळून पीत जा. शेळी गाभडली तर हातानं काढू नगा."

"कामून गं?"

बबिता माझ्याकडे वळली. "सांगा, मामा. नीट सांगा."

मी सांगितलं. जंतूचं सांगितलं, तापाचं सांगितलं, किती दिवस लागतात ते सांगितलं. त्या बाईने सगळं ऐकलं, माझ्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाली, "माझ्या सासूनं हयातभर कच्चंच पेलं. नव्वदीची हाय." मग तिची बस आली.

बबिता दुसऱ्या बाईकडे गेली. मग तिसऱ्या. मी मागे उभा राहून सांगत होतो. कुणी हसलं, कुणी शेळी ओढून पुढे गेलं. एकजण म्हणाली, पोरीचं डोकं फिरलंय, घरी घेऊन जा. ऊन कलायला लागलं, तशी फाट्यावरची गर्दी विरळ झाली. बबिता दगडावर बसली. तिला परत ताप चढत होता, हे तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं. औषधाचे अजून चार आठवडे बाकी होते.

"पुढच्या बाजाराला परत येऊ," ती म्हणाली.

मी बरं म्हणालो. पुढच्या बाजाराला ती चार पावलंही चालू शकली नाही. मी एकटा गेलो, संध्याकाळपर्यंत उभा राहिलो. बायका येत होत्या, शेळ्या घेऊन जात होत्या. एकीलाही मी हाक मारली नाही.